आधी वही वाच

प्रिय बेटा,

परवा तू मानपत्राचा कागद माझ्या हातात ठेवलास आणि चहा अर्धा टाकून निघालीस. जिन्यात थांबून म्हणालीस, ‘मंडळात येऊन मला जेमतेम दोन वर्षं झाली. मी कोण त्यांच्यावर लिहिणारी?’ तेव्हा मी गप्प राहिलो. बोललो असतो तर आवाज चढला असता, आणि राग तुझ्यावर नव्हता. दोन दिवस तो कागद टेबलावर पडून आहे, येता-जाता वाचतो आहे. आता सविस्तर लिहितो. फोनवर मी भरकटतो.

यंदाच्या पक्षी सप्ताहात काकाजींचा सत्कार करायचं आपल्या पक्षिमित्र मंडळाने ठरवलं. पाहुणे ठरले, हॉल ठरला, शाल-श्रीफळ आणि काचेच्या फ्रेममधलं मानपत्र ठरलं. तुझी भाषा चांगली, म्हणून मानपत्र तुझ्याकडे आलं. आमंत्रण घेऊन तू काकाजींकडे गेलीस तर ते म्हणाले, ‘मले नका बोलावू माय. रविवारी सकाळी मी तलावावर राहतो.’ कार्यकारिणीत हे कळल्यावर सगळे म्हणाले, केवढा हा विनय! तुला मात्र वाटलं की आपलंच काहीतरी चुकलं, माणूस दुखावला.

विनय नाही, आणि ते दुखावलेही नाहीत. जे बोलले तेच त्यांना म्हणायचं होतं. रविवारी सकाळी ते अंबाझरी तलावाच्या बांधावर असतात. थंडीत सहाला पोहोचतात, उन्हाळ्यात साडेपाचला, आणि पाखरांची मोजणी पुरी झाल्याशिवाय हलत नाहीत. मंडळातल्या प्रत्येकाला हे माहीत आहे. तरी रविवारी सकाळचाच हॉल घेतला, कारण पाहुण्यांना ती वेळ सोयीची होती. म्हणजे ज्या कामासाठी सत्कार, तेच काम त्या दिवशी बुडवून काकाजींनी व्यासपीठावर येऊन बसायचं. त्यांना ते जमणार नाही, आणि जमू पण नये.

आता तुझा कागद. पहिल्या ओळीत ‘निसर्गवेडे’, दुसरीत ‘ध्येयवेडे’, पुढे ‘अथक’, ‘निःस्वार्थ’, ‘व्रतस्थ’. यातला एकही शब्द खोटा नाही, आणि एकाही शब्दातून काकाजी दिसत नाहीत. हेच मानपत्र रक्तदान शिबिरं भरवणाऱ्याला चालेल, वाचनालय चालवणाऱ्यालाही चालेल. ‘वेडे’ हा शब्द तर दोन्हीकडून खोड. चाळीस वर्षं एका तलावावर, एकाच पद्धतीने मोजणी करणारा माणूस वेडा कसा? त्याला वेडा म्हटलं की आपली सुटका होते, तसं आपल्याला वागावं लागत नाही. हा शब्द मी स्वतः माझ्या काळात फार वापरला आहे, म्हणून मला त्याचा इतका राग येतो.

पण खरा धक्का तिसऱ्या परिच्छेदात बसला. ‘नागपूर परिसरात दुर्मिळ रानपिंगळ्याची पहिली नोंद करण्याचा मान त्यांच्याकडे जातो.’ हे तुला कोणी सांगितलं असेल याचा मला अंदाज आहे. मंडळात ही गोष्ट वीस-पंचवीस वर्षं फिरते आहे. बेटा, ती नोंद काकाजींनी स्वतः रद्द केलेली आहे. स्वतःच्या अक्षरात, लाल शाईने. तीच ओळ फ्रेम करून, शंभर माणसांसमोर, तू त्यांच्या हातात देणार होतीस.

घाबरू नकोस. ही चूक तुझ्या एकटीची नाही, आणि अजून छापायला गेलेलं नाही. पण मला एकच गोष्ट सांगायची आहे आणि पत्रभर मी तीच सांगणार आहे. आधी वही वाच.

रानपिंगळ्याचं प्रकरण तुला अर्धवट माहीत असेल, म्हणून नीट सांगतो. १८७३ साली ह्यूम या ब्रिटिश पक्षितज्ज्ञाने या घुबडाचं पहिलं वर्णन केलं. १८८४ नंतर त्याचा खरा नमुना कोणाला मिळाला नाही. पक्षी संपला असंच पुष्कळांनी धरलं. मध्ये एक आशा तेवढी होती. रिचर्ड माइनर्टझ्हागेन नावाच्या ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्याच्या संग्रहात एक रानपिंगळा होता आणि त्याच्या पायाला बांधलेल्या चिठ्ठीवर १९१४ साल आणि गुजरातेतलं ठिकाण लिहिलेलं होतं. नाव मोठं, संग्रह मोठा, लोकांनी विश्वास ठेवला. १९९०च्या दशकात पक्षिशास्त्रज्ञ पामेला रासमुसेन यांनी तो नमुना तपासला तेव्हा उघडकीला आलं की हा पक्षी मुळात जेम्स डेव्हिडसन या ब्रिटिश अधिकाऱ्याने १८८०च्या दशकात खानदेशात जमवलेला. संग्रहालयातून चोरून, नव्याने भरून-शिवून त्याला खोटी चिठ्ठी बांधली होती. ती खोटी नोंद बाजूला काढली आणि उरलेल्या जुन्या, खऱ्या चिठ्ठ्यांवरची गावं धरून शोध सुरू झाला. आधी पूर्वेकडच्या जागा धुंडाळल्या, तिथे काही मिळालं नाही. मग नोव्हेंबर १९९७मध्ये शहाद्याजवळ, सातपुड्याच्या पायथ्याशी, रासमुसेन, बेन किंग आणि त्यांच्या सोबत्याला रानपिंगळा समोर झाडावर बसलेला दिसला. ११३ वर्षांनी! डेव्हिडसनने गाव खरं लिहून ठेवलं होतं, म्हणून.

त्यानंतरची काही वर्षं आपल्याकडे ज्याच्या गळ्यात दुर्बीण तो रानपिंगळा शोधत होता. मेळघाटात तो सापडला, तेव्हा तर उत्साहाला पारावार राहिला नाही. काकाजी रामटेकच्या पलीकडे सागवनात गेले आणि त्यांना एक पिंगळा दिसला, भर दुपारी, उघड्यावर. त्यांनी वहीत लिहिलं, रानपिंगळा. मंडळात पेढे वाटले गेले. ते मी वाटले. महिनाभराने काकाजी एकटे, एसटीने, पुन्हा त्याच झाडाकडे गेले. त्या दिवसाची नोंद मला पाठ आहे: ‘सकाळी ७.१०. तेच झाड. ऊन माझ्या पाठीशी. स्वच्छ दिसला. डोक्यावर ठिपके आहेत. साधा पिंगळा. मागची नोंद रद्द.’ आणि चार पानं मागे जाऊन आधीच्या नोंदीवर लाल आडवी रेघ, शेजारी तारीख आणि सही.

साध्या पिंगळ्याच्या डोक्यावर ठसठशीत पांढरे ठिपके असतात, रानपिंगळ्याच्या डोक्यावर ते जवळजवळ नसतात. ओळखीच्या आणखी खुणा आहेत, पण त्यांना एवढी एक पुरली. पेढे वाटून झाले होते, पेपरात नाव यायचं बाकी होतं, आणि हा माणूस तिकीट काढून आपलंच म्हणणं पुन्हा तपासायला गेला. मानपत्रात लिहायची गोष्ट ही आहे. तुझ्या कागदावर ती नेमकी उलटी होऊन आली, कारण तू माणसांना विचारलंस. माणसांना पेढे आठवतात. वहीला विचारायचं.

तू विचारशील, ‘तुम्हाला हे माहीत होतं तर इतकी वर्षं चुकीची गोष्ट फिरू का दिलीत?’ मला माहीत नव्हतं. ती नोंद रद्द केल्याचं काकाजींनी तेव्हाच्या बैठकीत सांगितलं होतं म्हणे. मी त्या बैठकीला नव्हतो, आणि जे होते त्यांच्या ते लक्षात राहिलं नाही. एवढ्या वर्षांची आमची दोस्ती, शेकडो रविवार सोबत काढले, एका थर्मासमधला चहा प्यायलो. पण त्यांची वही मी उघडून वाचली ती २०२३ साली.

२३ सप्टेंबरची ती पहाट तुलाही आठवत असेल. रात्रभर कोसळला आणि अंबाझरी ओसंडून नाग नदीकाठच्या वस्त्यांत शिरला. मी पोहोचलो तेव्हा काकाजींच्या घरातलं पाणी उतरलं होतं. भिंतीवर छातीएवढी चिखलाची रेघ, फ्रीज आडवा, गाद्यांचा लगदा. काकू पायरीवर बसून होत्या. अंधारात पाणी उंबऱ्याला लागलं तेव्हा काकाजींनी आधी वह्या माळ्यावर चढवल्या. बँकेचे कागद नाही, काकूंचा डबा नाही, वह्या. काकू त्यावरून अजून बोलतात आणि त्यांचं बोलणं रास्त आहे. पाणी छातीशी आलं तेव्हा काकाजींना हात थांबवावे लागले, आणि खालच्या फळीवरच्या सहा वह्या राहून गेल्या. त्या सहा मी प्लॅस्टिकच्या टपात घालून घरी आणल्या.

ओली वही कशी सोडवतात ते तुला शिकवीन एकदा. पान चिंब असताना ओढलं तर फाटतं, पुरतं वाळू दिलं तर शेजारच्या पानाला चिकटून बसतं. मधली वेळ साधायची. पंखा मंद ठेवायचा, दर दहा-बारा पानांमध्ये कोरा कागद घालायचा, कागद ओला झाला की बदलायचा. मी नऊ दिवस तेच करत होतो. शाईपेनाची पानं निळी होऊन गेली होती, बॉलपेन बरंचसं टिकलं होतं, पेन्सिलीचं अक्षर मात्र कालच लिहिल्यासारखं. पान सुटलं की नजर जायचीच. तशी वाचत गेलो.

प्रत्येक पानाची मांडणी एकच. तारीख, सुरू केल्याची वेळ, संपल्याची वेळ, ढग, वारा, पाणी कितव्या पायरीला आहे. मग पाखरं. वारकरी, टिबुकली, हळदीकुंकू बदक, थापट्या, शेकाट्या, कवड्या धीवर, पाणकावळा. प्रत्येकापुढे आकडा. आणि जे पाखरू यायला हवं होतं पण आलं नाही, त्याच्यापुढे ‘शून्य’. अक्षरात लिहिलेलं. मी विचारलं, ‘आकडा काहून नाही टाकला?’ ते म्हणाले, ‘आकड्याच्या शून्याआधी कोणी एक लावला तर दहा होते ना. अक्षरातलं शून्य शून्यच राहते.’ चक्रवाकापुढे शून्य, पट्टकदंबापुढे शून्य, पुढच्या रविवारी पुन्हा शून्य. थंडीत कुडकुडत जाऊन, दोन तास उभं राहून, शून्य लिहून घरी यायचं. दिसलेलं सगळेच लिहितात गं. हजार फोटो काढतात. न दिसलेलं लिहायला कोणी जात नाही.

तू प्राणिशास्त्र शिकतेस, तुला याची किंमत जास्त कळायला हवी. पाहिलं ते सगळं नोंदलेली पूर्ण यादी असली तरच ‘नव्हतं’ असं ठामपणे म्हणता येतं, आणि कमी झालं की नाही ते ‘नव्हतं’वरूनच ठरतं. २०२३ साली भारतातल्या पक्ष्यांच्या स्थितीचा अहवाल आला. ९४२ जातींचा आढावा, सुमारे ३०,००० पक्षिनिरीक्षकांनी ई-बर्ड या ऑनलाइन नोंदवहीत टाकलेल्या ३ कोटींवर नोंदींमधून. दसऱ्याला आपण ज्याच्या दर्शनाची वाट पाहतो तो नीलपंख, लोक ज्याला नीलकंठ म्हणतात, तो देशभर कमी होतो आहे हे त्या अहवालाने सांगितलं. काकाजी दर दसऱ्याला उमरेड रस्त्यावर एका ठरावीक टप्प्यात विजेच्या तारांवरचे नीलपंख मोजतात. सोनं वाटायला ते संध्याकाळी येतात, सकाळी ते तिकडे असतात. त्यांचे आकडे मी इथे लिहिणार नाही. वहीत आहेत, वही वाच.

मांजाची वेगळी वही आहे, तीही बघ. राष्ट्रीय हरित लवादाने २०१७ साली नायलॉन मांजावर देशभर बंदी घातली, तरी संक्रांत आली की आपल्या शहरात पाखरं लटकलेली दिसतात. काकाजी दर खेपेला लिहितात: कोणतं पाखरू, कोणत्या चौकाजवळ, कोणत्या झाडावर किंवा तारेवर, दोरा पंखात की पायात, जखमी पशुपक्ष्यांवर उपचार करणाऱ्या सेमिनरी हिल्सच्या ट्रान्झिट सेंटरला किती वाजता पोहोचवलं, पुढे काय झालं. ‘पुढे काय झालं’ हा रकाना त्यांनी स्वतः आखलेला आहे, आणि तो भरण्यासाठी ते फोन करत राहतात. तू ‘भूतदया’ लिहिलं आहेस. त्याऐवजी हा रकाना लिही.

आता मास्तरांबद्दल सांगतो. ते नाव तू मंडळात ऐकलं असशील, वार्षिक व्याख्यान त्यांच्या स्मरणार्थ होतं. मला पक्षी दाखवले ते मास्तरांनी. शाळेत चित्रकला शिकवायचे. पिसं गोळा करायचे नाहीत, जिथे पडलं असेल तिथेच बसून वहीत रंगवायचे आणि पीस तिथेच ठेवून द्यायचे. १९९४ साली आम्ही त्यांचा सत्कार केला. मी मंडळाचा सचिव होतो आणि सूत्रसंचालनही माझ्याकडे होतं. पाहुणे दीड तास उशिरा आले, पाऊण तास बोलले, आणि मास्तरांना सर्पमित्र म्हणाले. तीन वेळा म्हणाले. मास्तरांनी आयुष्यात साप धरला नव्हता. त्यांची बोलायची पाळी आली तेव्हा हॉलची वेळ संपत होती. मी जवळ जाऊन कानात म्हटलं, ‘मास्तर, दोनच मिनिटं.’ त्यांच्या हातात चौपदरी घडीचा कागद होता, दोन्ही बाजूंनी लिहिलेला. त्यांनी तो खिशात ठेवला. ‘सगळ्यांचे आभार,’ म्हणाले आणि बसले.

त्या कागदावर काय होतं ते मी कधी विचारलं नाही. विचारायची हिंमत झाली नाही, आणि नंतर सवड झाली नाही. दोन वर्षांनी मास्तर गेले. त्यांच्या मुलीचं पत्र आलं, दिवाळीच्या आत घर रिकामं करायचं आहे, बाबांच्या वह्या घेऊन जा. तेव्हा पहिल्या स्मृतिव्याख्यानाची धावपळ चालू होती. पत्रिका, वक्त्यांची राहण्याची सोय, वर्गणी, सगळं माझ्याच अंगावर. मी कळवलं, व्याख्यान झालं की येतो. व्याख्यान छान झालं. अकरा दिवसांनी मी गेलो तेव्हा घराला रंग लागला होता आणि वह्या रद्दीत गेल्या होत्या. मुलीचा दोष नाही, तिने कळवलं होतं, वाट पाहिली होती. मी इतवारीतली रद्दीची दुकानं पालथी घातली. एक पुठ्ठा मिळाला. त्यावर मास्तरांच्या अक्षरात ‘वही १४’. म्हणजे निदान चौदा होत्या. त्यांच्या वह्यांबद्दल मला एवढंच माहीत आहे.

त्यांच्या स्मरणार्थ भाषण ठेवण्याच्या घाईत त्यांचं काम रद्दीत गेलं. हे मी अजून कोणाला लिहून दिलं नव्हतं. माझी बाजू एवढीच की मी आळसाने थांबलो नव्हतो, मंडळाच्याच कामात होतो, आणि ते व्याख्यान नसतं तर आज मास्तरांचं नावही उरलं नसतं. हे मी स्वतःला अनेकदा सांगून पाहिलं आहे. ते खरंही आहे. पण पुठ्ठा कपाटात आहे, आणि तो दिसला की काहीच पुरेसं वाटत नाही.

म्हणून गेल्या वर्षी मी कार्यकारिणीत ठराव मांडला होता: मंडळाच्या ज्या कार्यकर्त्याचा सत्कार करायचा, त्याच्या सगळ्या वह्यांची छायाचित्रं आधी घ्यायची, आणि निदान दोघांनी त्या वाचायच्या, मग तारीख ठरवायची. ठराव पडला. कोणी म्हणालं, वेळ जाईल. कोणी म्हणालं, यांना सत्कारच नको आहेत. कोणी माझ्या मागे म्हणालं की माझा सत्कार झाला नाही म्हणून मी मोडता घालतो. मी समितीतून बाहेर पडलो. हेकट म्हणतात मला, तुझ्याही कानावर आलं असेल. १९९६ साली मी हेकट नव्हतो. सगळ्यांशी जुळवून घ्यायचो, सगळ्यांच्या सोयीने चालायचो, आणि त्या सोयीत अकरा दिवस गेले. आता या एका बाबतीत मी कोणाचं ऐकणार नाही, तुझंही नाही.

सत्काराच्या मी विरोधात नाही, हे मात्र ध्यानात घे. शाल-श्रीफळाला नाकं मुरडणारी पोरं मला आवडत नाहीत. चाळीस वर्षं घरच्या माणसांनी रविवारची सकाळ सोडून दिलेली असते. त्यांना एकदा चार लोकांत दिसलं पाहिजे की हे फुकट गेलं नाही. काकाजींच्या नातवाने आजोबांना टाळ्या मिळताना बघितलं पाहिजे. ५ नोव्हेंबर हा मारुती चितमपल्लींचा जन्मदिवस आणि १२ नोव्हेंबर सलीम अलींचा, म्हणून तो आठवडा राज्याने २०२०पासून पक्षी सप्ताह ठरवला. दोघंही आयुष्यभर पायी हिंडून टिपणं ठेवणारी माणसं. चितमपल्लींनी तर रानातल्या माणसांना विचारून विचारून पाखरांची नावं लिहून ठेवली. त्या सप्ताहात टिपणं ठेवणाऱ्याचा मान करायचा, याहून योग्य काय? पण टिपण न वाचता?

तर मग कर असं. हॉल सोडून द्या. पाहुणे राहू देत, पण त्यांना रविवारी सकाळी आठला अंबाझरीच्या बांधावर बोलवा. येतील. आले नाहीत तर नाही. मोजणी पुरी होऊ द्या, मग तिथेच सतरंजी टाका, तर्री-पोहे सांगा. आधी काकाजी बोलतील, पाहुणे नंतर. काकाजींना वेळ सांगायची नाही, घड्याळ दाखवायचं नाही. ‘दोन शब्द बोला’ म्हणशील तर ते दोनच बोलतील. त्यांना वहीतला प्रश्न विचार. अमुक रविवारी पाणी अकराव्या पायरीला असताना शेकाटे एकदम इतके कसे वाढले? मग बघ, मला तरी थांबवता येत नाही त्यांना.

आणि मानपत्र एका पानाचं कर. विशेषण एकही नको. तारखा घाल, जागा घाल, ती लाल रेघ घाल, अक्षरातलं शून्य घाल, ‘पुढे काय झालं’ घाल. वाचणाऱ्याला काकाजी दिसले पाहिजेत.

आणखी एक, हे तू कार्यकारिणीत सांग, मी सांगितलं तर भांडण होईल. काकाजींचा उजवा गुडघा गेला आहे. बांधाच्या पायऱ्या उतरताना ते कठड्याला धरतात आणि कोणी बघत नाही ना ते बघतात. त्यांच्यानंतर रविवारची मोजणी कोण करणार, त्याची दोन नावं त्या दिवशी तिथेच सांगितली गेली पाहिजेत. त्याच जागी, त्याच वेळी, त्याच पद्धतीने. नावं मिळाली नाहीत तर फ्रेमला खर्च करू नका. एक नाव तुझं असावं असं मला वाटतं, पण तुझी परीक्षा, तुझी पुढची शिक्षणं, मी गळ घालणार नाही.

आता तुझ्या प्रश्नाचं उत्तर. मी कोण लिहिणारी, म्हणालीस. तू नवीन आहेस, म्हणून तूच लिही. आम्हा जुन्यांना वाटतं आम्हाला काकाजी माहीत आहेत, म्हणून आम्ही वही उघडत नाही. पंचवीस वर्षं मी त्यांच्या शेजारी उभा होतो आणि पेढ्याच्या पुढचं मला माहीत नव्हतं. तुला निदान हे माहीत आहे की तुला माहीत नाही. अजून तीन आठवडे आहेत. रोज संध्याकाळी दोन तास बस, पंचवीस-तीस पानं होतील. काही पुसट असेल तिथे अंदाजाने भरू नकोस, ‘वाचता आलं नाही’ असंच लिही. प्रत्येक पानाचा फोटो दिवसाच्या उजेडात घे, फ्लॅश नको, पान सपाट राहील असं कडेला पट्टी ठेव. जुन्या याद्या त्या-त्या तारखेने ई-बर्डवर चढवता येतात, पण काकाजींना विचारल्याशिवाय एकही चढवायची नाही. ते हो म्हणतील, पण विचारायचं.

माझ्याकडच्या सहा वह्या तयार आहेत, शनिवारी येऊन ने. कापडी पिशवी आण, प्लॅस्टिकची नको. नेताना आपण दोघं पानं मोजू आणि वहीच्या क्रमांकासह एका कागदावर लिहून दोघंही सही करू. तुझ्यावर अविश्वास आहे म्हणून नाही.

तुझ्यावर रागावलेला आणि तुझ्यासाठी थांबलेला,
तुझा काका

ता. क. – एक सांगायचं राहिलं. सगळ्यात जुनी वही, १९८३ची, ना माझ्याकडच्या सहांत आहे ना काकाजींच्या कपाटात. ती काकूंच्या माळ्यावरच्या पेटीत असते. गेल्या महिन्यात त्यांनी मला तिचं एक पान दाखवलं, तेवढंच, आणि परत ठेवून दिली. नवीन लग्न झालेलं, दुर्बीण एकच. काकाजी दुर्बिणीतून बघून आकडा सांगायचे आणि लिहायच्या काकू. त्या वहीतलं अक्षर त्यांचं आहे, आणि अक्षरातलं पहिलं ‘शून्य’ही त्यांचंच. तुझ्या मानपत्रात एकच नाव आहे. काकू दुपारी चारनंतर मोकळ्या असतात. कार्यकारिणीतल्या कोणाला सोबत नेऊ नकोस, एकटी जा, आणि ती वही मागण्याआधी त्यांच्यापाशी थोडा वेळ बस.